काळे छत, काळा कफ : घराची दुरुस्ती काढण्यापूर्वी हे वाचा

आखाजी जवळ आली की आपल्या खानदेशात घरोघरी साफसफाई निघते. लेकीबाळी माहेरी येणार, पाहुणे येणार, म्हणून कोणी भिंती पोतारतो, कोणी चुना मारतो, तर कोणी जुन्या धाब्याच्या जागी स्लॅब टाकायचा बेत करतो. या लगबगीत एक गोष्ट सर्वांत शेवटी आठवते, ती म्हणजे स्वयंपाकघराचे काळवंडलेले छत. मग एके दिवशी दुपारी कोणीतरी केरसुणीला बांबू बांधतो आणि चाळीस वर्षांची काजळी अर्ध्या तासात खाली पाडतो. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना शिंका, डोळ्यांची आग आणि काळा कफ.

या आठवड्यात हाच विषय घेण्याचे कारण म्हणजे नरडाणा (ता. शिंदखेडा) येथून एका वाचक भगिनीचे आलेले पत्र. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. त्या लिहितात :

"आमचे घर आजेसासऱ्यांच्या वेळचे, धाब्याचे आहे. पुढच्या बाजूला पंधरा वर्षांपूर्वी स्लॅब टाकला. स्वयंपाकघर मात्र जुनेच, सागवानी कड्या आणि पाट्यांचे. घरात गॅस आहे, पण भाकरी, अंघोळीचे पाणी आणि हिवाळ्यात भरीत चुलीवरच होते. कड्या काळ्या कुळकुळीत झाल्या आहेत. शेजारच्या खोलीच्या स्लॅबवरही पिवळट काळे डाग पडले आहेत. दोन वर्षांपूर्वी चुना मारला होता, पण महिन्याभरात डाग पुन्हा वर आले. यंदा आखाजीला नणंदबाई येणार आहेत. त्यांना सातवा महिना आहे, बाळंतपण इथेच होईल. घरचे म्हणतात, त्या येण्याच्या आत छत झाडून रंग देऊन टाकू. पण मागच्या वेळी मी आणि सासूबाईंनी छत झाडले, त्या रात्री सासूबाईंना एवढी धाप लागली की पहाटे दवाखान्यात न्यावे लागले. त्यांचा खोकला जुना आहे, म्हातारपणाचा म्हणून आम्ही लक्ष देत नाही. या वेळी काय करावे? काम आधी करावे की नंतर?"

ताई, आपला प्रश्न एकट्या आपल्या घराचा नाही. नरडाण्यासारखी गावे आज बदलत आहेत. महामार्ग, सुरत-भुसावळ रेल्वे आणि औद्योगिक वसाहत यांमुळे हाती पैसा येतो आणि जुनी घरे दुरुस्तीला निघतात. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

छतावर जमते ते काय?

पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचे सरपण किंवा गोवऱ्या चुलीत पूर्ण जळत नाहीत. अर्धवट जळाल्यामुळे धूर होतो. या धुरात कोळशाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांना चिकटलेले डांबरासारखे तेलकट पदार्थ असतात. गरम धूर वर जातो, थंड छताला लागतो आणि तेथे थर धरतो. सुटी काजळी वरच्यावर राहते, तर डांबरी अंश लाकडाच्या व गिलाव्याच्या आत मुरतो. म्हणूनच वरचे काळे पुसले तरी खालचा तपकिरी डाग राहतो.

धुरातील सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण तिसावा भाग झाला. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. काजळीतील बेन्झोपायरीन हा पदार्थ कर्करोग निर्माण करणारा आहे, हे सिद्ध झाले आहे. इ. स. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो, असे दाखवून दिले. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिल्या नोंदींपैकी एक होय. अर्थात, एक दिवस छत झाडल्याने कर्करोग होतो असे कोणी समजू नये. पॉट यांनी पाहिलेली मुले वर्षानुवर्षे काजळीत राबत होती. परंतु काजळी म्हणजे निरुपद्रवी राख नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. याच कारणाने जखमेवर किंवा तान्ह्या बाळाच्या नाळेवर काजळी लावण्याची जुनी पद्धत पूर्णपणे बंद करावी.

छत पाहा, म्हणजे छाती कळेल

आता महत्त्वाचा मुद्दा. छतावर जो धूर जमला, तोच धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीतही गेला. छत निदान झाडता येते, फुप्फुस झाडता येत नाही.

दिल्लीच्या सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली आपल्या सहकाऱ्यासह १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुन्या आजाराने हृदयाची उजवी बाजू निकामी होत गेलेले हे रुग्ण होते. त्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते आणि त्यामागे स्वयंपाकाच्या धुराचा हात असावा, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे १९८३ साली कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या गुजरातमधील खेड्यांत, चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासाच्या हवेतील धूळ प्रत्यक्ष मोजून दाखवली. तेव्हापासून जगभर या विषयाचा अभ्यास झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती.

म्हणून ताई, सासूबाईंच्या खोकल्याला "म्हातारपणाचा" म्हणून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला रोज सकाळी कफ पडतो, चढावर किंवा पाणी भरताना दम लागतो, हिवाळ्यात छाती वाजते, हे बहुधा श्वसनमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या आजाराचे लक्षण असते. डॉक्टर त्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. बिडी न ओढणाऱ्या बायकांना तो चुलीच्या धुराने होतो. नळीत जोराने फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजण्याची एक साधी तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती धुळ्याला मोठ्या रुग्णालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणीही करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. छत झाडल्यावर त्यांना जी धाप लागली, तो अपघात नव्हता. आधीच अरुंद झालेल्या नळ्यांना काजळीचा मारा सहन झाला नाही.

झाडण्याआधी डाग वाचा

आपण छताचा डाग पुसण्याची घाई करतो. त्याआधी पाच मिनिटे खाली उभे राहून तो नीट पाहावा. डाग म्हणजे धुराची वाट होय. जेथे सर्वांत गडद काळे आहे, तेथे धूर साचतो. तेथेच धुराला बाहेर जायला मार्ग हवा. डाग दारावरून शेजारच्या खोलीत ओढला गेला असेल, तर धूर बाहेर न जाता घरातच फिरतो आहे असे समजावे. आपल्या स्लॅबवर डाग आले, त्याचा अर्थ हाच. आणि बाळंतीण जर त्याच खोलीत राहणार असेल, तर तो डाग विशेष गांभीर्याने घ्यावा.

जुन्या धाब्याच्या घरात धूर जाण्यासाठी साणे किंवा धुराडे ठेवलेले असे. पुढे पावसाचे पाणी येते म्हणून अनेकांनी ते फरशी ठेवून बुजवून टाकले. तेव्हापासून छत अधिक काळे होत गेले, हे जुन्या माणसांना विचारल्यास सांगतील. पहिले काम म्हणजे हा मार्ग मोकळा करणे. साण्यावर चार बाजूंनी हवा जाईल असे उंच झाकण बसवावे, म्हणजे पाणी येणार नाही आणि धूर कोंडणार नाही. चुलीवर पत्र्याचे धुराडे बसवल्यास त्याचे तोंड धाब्याच्या वर निदान तीन फूट न्यावे आणि जळाऊ लाकडी कडीला ते टेकू देऊ नये. स्लॅबच्या खोलीत चुलीच्या किंवा गॅसच्या वरच्या बाजूस, छताच्या लगत, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि समोरच्या बाजूने ताजी हवा येण्यास खिडकी उघडी ठेवावी. हवा आत येण्यास जागा नसेल, तर पंखा नुसता फिरतो.

छत काळे होण्यास चूल एकटीच कारण असते असे नाही. देवघरातील समई व उदबत्ती, डास पळवण्याची कॉइल, बिडी-सिगारेट, तळणाची वाफ या सर्वांचे डाग पडतात. गॅसच्या स्वयंपाकघरातील पिवळा चिकट थर हा बहुतांशी तेलाच्या वाफेचा असतो.

अजिंठ्याचा धडा

काजळी तशीच ठेवून वरून लेप दिला की काय होते, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भिंती व छतांवरील चित्रे शतकानुशतके धूळ, वटवाघळे आणि आत राहणाऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्यांच्या धुराने काळवंडली होती. निजाम सरकारने १९२० ते १९२२ च्या दरम्यान लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे पक्के केले आणि चित्रांवर व्हार्निशसारखे लेप दिले. चित्रे काही काळ उजळली. पण पुढे लेप पिवळा पडला आणि त्याखाली राहिलेली धूळ व काजळी कायमची अडकली. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनज्ञांना हा लेप आणि खालची काजळी काढण्यासाठी अनेक वर्षे कष्ट घ्यावे लागले.

आपले छत अजिंठा नव्हे, पण नियम एकच : आधी स्वच्छता, मग लेप. आपण दोन वर्षांपूर्वी काजळीवरच चुना मारला. तेलकट थरावर चुना धरत नाही, त्याचे पापुद्रे निघतात. शिवाय चुन्यातील व डिस्टेंपरमधील पाण्यात डांबरी अंश विरघळून वर येतो आणि पाणी सुकले की डाग पृष्ठभागावर राहतो. कितीही हात मारले तरी तो येतच राहणार.

काही जण काळे छत झाकण्यासाठी खाली प्लास्टिक कापड ताणतात किंवा पी.ओ.पी.चे खोटे छत करतात. हे करू नये. मागे काजळी तशीच झडत राहते, उंदीर व वाळवीला आसरा मिळतो, गळती कळत नाही आणि चुलीवरचे प्लास्टिक केव्हाही पेट घेऊ शकते.

कामाच्या दिवशी कोणी घरात असू नये?

गरोदर स्त्री, तान्ही व लहान मुले, दमेकरी, जुना खोकला असणारे, हृदयरोगी आणि वृद्ध यांनी सफाईच्या व रंगाच्या दिवसांत त्या घरात थांबू नये. शेजारी किंवा नातेवाइकांकडे जावे. दाराबाहेर खाट टाकून बसणे पुरेसे नाही, कारण सूक्ष्म कण हवेत कित्येक तास तरंगत राहतात.

आधी पुढील तयारी करावी :

१) धान्याच्या कोठ्या, पिण्याच्या पाण्याची भांडी, अंथरुणे व पाळणा बाहेर काढावा. जे हलत नाही ते ताडपत्रीने झाकावे. शेतीची औषधे माळ्यावर ठेवलेली असल्यास ती आधी काढून कुलपात ठेवावीत.

२) विजेचे मेन स्विच बंद करावे. काजळीने माखलेल्या जुन्या वायरिंगवर ओला कपडा लागून जीव गेल्याची उदाहरणे घडतात.

३) कड्या पोखरल्या आहेत का, हे काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आधी सुताराला दाखवावे. फटींत विंचू, साप असण्याची शक्यता असते, म्हणून उघड्या हाताने चाचपू नये. विंचू चावल्यास उतारा शोधत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

४) नाकाला रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत. कोरोनाच्या काळात आपण पाहिलेला एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून वापरावा. डोळ्यांना बंद चष्मा, डोक्याला फडके, हातांत रबरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घालावेत.

५) चैत्र-वैशाखातील ऊन लक्षात घेऊन काम पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबवावे. मान वर करून काम केल्याने चक्कर येते, म्हणून दर दहा मिनिटांनी शिडीवरून उतरावे आणि खाली एकाने शिडी धरावी.

छत साफ करण्याची रीत

पहिला नियम : कोरडे झाडू नये. सुटी काजळी व जळमटे यांवर स्वच्छ पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा, इतका की धूळ बसेल पण पाणी ठिबकणार नाही. मग मऊ कुंच्याने वरून खाली, सावकाश काढावे. यासाठी कपाशीवर औषध मारण्याचा पंप कधीही वापरू नये. तो कितीही धुतला तरी त्यात विषाचा अंश राहतो आणि घरात तो श्वासावाटे जातो. कुंडीतल्या झाडांना पाणी मारायची नवी बाटली पुरते.

लाकडी छत : सागवानी कड्या-पाट्यांवर पाणी ओतू नये. वरच्या मातीत ओल गेली तर माती झडते आणि लाकूड कुजते. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात कापड बुडवून घट्ट पिळावे आणि एकेक कडी पुसावी. दुसरे कापड साध्या पाण्याचे. लाकडावर धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने सागवान अधिकच काळे पडते. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात देता येतो. मात्र तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या जागेत पसरून वाळवावीत.

स्लॅब किंवा गिलावा : पाच लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा विरघळवावा. स्पंजाने एका वेळी साधारण तीन फूट चौरस भाग धुवावा आणि दुसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्याने लगेच पुसावा. पाणी काळे झाले की बदलावे. सर्व झाल्यावर दोन दिवस वाळू द्यावे. मग पांढरे कापड छतावर घासून पाहावे. कापड काळे झाले तर पुन्हा धुवावे.

सिमेंटचे जुने पत्रे : यांत अनेकदा ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. असे पत्रे खरवडू नयेत, तोडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. ओल्या कापडाने हलके पुसावे, एवढेच.

जुना ऑइलपेंट : दारे, खांब व कड्यांवरील जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर ९० पी.पी.एम.ची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला व २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्यापूर्वीचा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नये. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला व गर्भाला घातक असते.

निघालेली काजळी ओली असतानाच पिशवीत भरावी आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावी. भाजीच्या वाफ्यात टाकू नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत, अंघोळ करून मगच मुलांना जवळ घ्यावे.

डाग पुन्हा येऊ नये म्हणून

स्वच्छ व कोरड्या स्लॅबवर आधी तेलाधारित किंवा लाखेचे, म्हणजे शेलॅकचे, प्रायमर लावावे. वाचक म्हणतील, अजिंठ्याला लेपाने नुकसान झाले आणि इथे लेपच सांगता? फरक असा की, येथे काजळी काढून झालेली आहे आणि गिलाव्यात मुरलेला उरलासुरला डांबरी अंश आतच कोंडायचा आहे. हे प्रायमर पाण्याचे नसल्याने डाग त्यात विरघळून वर येत नाही. ते वाळल्यावर चोवीस तास वाट पाहावी. डाग दिसलाच तर दुसरा हात द्यावा. मग वर डिस्टेंपर लावावा. या प्रायमरची वाफ पेट घेते व डोके दुखवते, म्हणून त्या दिवशी घरात चूल, गॅस, समई, उदबत्ती काही पेटवू नये आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सफाईसाठी ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र कधीही करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेततो.

डोळ्यात चुना गेल्यास

छताला चुना मारताना थेंब नेमका डोळ्यात पडतो. चुना व सोडा डोळ्याचे बुबुळ जाळतात आणि काही मिनिटांत दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी तूप, दूध, मध काहीही घालू नये. ताबडतोब पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची सतत धार निदान वीस ते तीस मिनिटे सोडावी. चुन्याचा खडा दिसल्यास ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावा आणि धुणे न थांबवता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. म्हणून कामाला बसण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याची एक भरलेली बादली व तांब्या शिडीजवळ ठेवावा. चुना विरवताना तो उकळतो, तेव्हा मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर

ताई, काम आधी करावे की नंतर, असे आपण विचारता. नणंदबाई येण्याच्या निदान पंधरा दिवस आधी सफाई, प्रायमर आणि रंग असे सर्व काम संपून खोल्या वाऱ्यावर मोकळ्या राहणार असतील, तर आधी करावे. तेवढे दिवस हाती नसतील, तर छताला हात लावू नये. अर्धवट झाडलेले छत आणि ओला ऑइलपेंट यांपेक्षा जुने काळे छत बरे. बाळ चार-सहा महिन्यांचे होऊन नणंदबाई सासरी गेल्या की सावकाश करावे. काळ्या छताची पाहुण्यांसमोर लाज वाटते, हे खरे. पण लाजेपोटी गरोदर बाईला काजळीत बसवणे योग्य नाही.

दोन कामे मात्र कोणत्याही परिस्थितीत आजच करावीत. पहिले, बुजलेले साणे उघडावे आणि बाळंतपणाच्या काळात घरातली चूल बंद ठेवावी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे खेडोपाडी गॅस पोहोचला, पण पाणी व भाकरी चुलीवरच राहिल्याने धूर राहिलाच आहे. सिलिंडरचा खर्च सर्वांना सारखा झेपत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पाणी तापवण्याची चूल अंगणात, दारापासून दूर हलवावी. भाकरी गॅसवर करावी. वांगी पऱ्हाट्यांवर भाजल्याशिवाय भरिताला चव नाही, हे कबूल, पण ती अंगणात भाजावीत. गर्भार स्त्रीला धूर लागल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो आणि तान्ह्या बाळाला न्यूमोनियाचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी व धुरीसाठी दार बंद करणे तर अजिबात नको. बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

दुसरे काम, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यावे. आपण "मागच्या वेळी मी आणि सासूबाईंनी झाडले" असे लिहिता. घरातले सर्वांत धुरकट काम पुन्हा त्याच दोघींच्या वाट्याला आले. या वेळी शिडीवर घरातला धडधाकट तरुण, मास्क लावून, चढू द्या आणि सासूबाईंना चार दिवस लेकीच्या सासरी किंवा भावाकडे पाठवा. बोलताना वाक्य पूर्ण होत नाही एवढी धाप, ओठ किंवा नखे निळसर होणे, पायांवर सूज, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पैसे कमी असतील तर क्रम ध्यानात ठेवावा : आधी धुराला वाट, मग सफाई आणि सर्वांत शेवटी रंग. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो, म्हणून दर आखाजीला छत पांढरे होते आणि दर दिवाळीला पुन्हा काळे. धुराची वाट मोकळी झाली की छत आपोआप कमी काळवंडते. आणि छत काळवंडायचे थांबले, म्हणजे खाली भाकरी थापणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूरही कमी झाला, असे खुशाल समजावे.